खाणीच्या फ्लॉप्या

घाई हा प्रकार फ्लॉपीताईंना कधी जमलाच नाही. बसमध्ये चढताना त्या शेवटच्या आणि उतरतानाही शेवटच्या. त्यांचा नवरा शहर बसवर ड्रायव्हर होता. तो मित्रांना सांगायचा, "माझ्या गाडीत ही चढली की वेळापत्रकाकडे बघायचं मी सोडून देतो." सासूबाईंचं म्हणणं त्याहून थेट होतं. "सूनबाई चहा करायला गेली की आपण एक झोप काढून घ्यावी," असं त्या आल्यागेल्याला ऐकवायच्या, आणि तेही ताईंच्या देखत.

ताई हसून सोडून देत. मंद हातच लागतो असं एक काम त्यांना मिळालं होतं, आणि त्यावर त्या खूश होत्या. घराची पुढची खोली रस्त्याकडे उघडत होती, तीच त्यांचं दुकान. दुकान म्हणजे दोन टेबलं, एकमेकांशी न जुळणारी चार-पाच जुनी कॉम्प्युटरं आणि भिंतभर फळ्या. लोक माळ्यावर सापडलेल्या फ्लॉप्या घेऊन यायचे आणि ताई त्यातलं जे निघेल ते पेनड्राइव्हवर उतरवून द्यायच्या. एका निवृत्त प्राध्यापकांचा अर्धा लिहिलेला प्रबंध त्यांनी असा बाहेर काढला होता. एका बाईंना वारलेल्या भावाची पत्रं हवी होती. फ्लॉपीत पत्रं नव्हतीच, निघाले ते बुद्धिबळाचे अर्धवट सोडलेले डाव. त्या बाईंनी तेसुद्धा जपून नेले. काही गिऱ्हाइकं फ्लॉप्या देऊन जायची आणि नंतर फिरकायचीच नाहीत. कोणालाही हे काम उद्याच हवं असायचं नाही.

"घर आहे की भंगाराचं गोदाम?" सासूबाई अधूनमधून विचारायच्या. मेलेल्या फ्लॉप्या त्या गरम कपाखाली ठेवायला वापरत. एक त्यांनी आपल्या डुगडुगणाऱ्या खाटेच्या पायाखाली सरकवली होती.

हे सगळं सुरू झालं ते खाणीतून. शहराच्या पलीकडच्या अंगाला पूर्वी दगडी कोळशाची खाण होती आणि ताई तिथे मोजणी खात्यात टंकलेखनाला होत्या. खात्यात पहिलं कॉम्प्युटर आलं तेव्हा सगळे त्याच्यापासून चार हात लांब राहिले. मोजणीसाहेब म्हणाले, "हिला बसवा. ही घाबरत नाही, कारण हिला कुठे पोचायचंच नसतं." साहेब खाली बोगद्यात उतरून मोजमाप घ्यायचे, चिखलाच्या बुटांनी वर यायचे आणि आकडे वाचून दाखवायचे. ताई ते कॉम्प्युटरात भरायच्या. किती पूर्वेला, किती उत्तरेला, किती खोल. ताई खाणीत एकदाही उतरल्या नव्हत्या, पण कुठला बोगदा कुठे वळतो हे त्यांना आकड्यांवरून कळायचं.

मग खाण बंद पडली. कंपनी गाशा गुंडाळून गेली. कागदी नकाशे कुठे गेले ते कोणालाच ठाऊक नव्हतं. शेवटच्या आठवड्यात साहेबांनी फ्लॉप्यांचा एक खोका ताईंच्या हातात दिला. "हे तुझ्याकडे राहू दे, पोरी. कंपनीचा काही भरवसा नाही." कोणालाच नको असलेली दोन कॉम्प्युटरंही ताईंनी उचलून घरी आणली, आणि पुढे त्यातूनच दुकान उभं राहिलं. खोका मात्र तसाच राहिला. एकदा सवड काढून त्यांनी त्या फ्लॉप्या लावून बघितल्या होत्या. एकही वाचली गेली नाही. बघू पुढे कधीतरी, असं म्हणून खोका पोटमाळ्यावर गेला आणि त्यावर वर्षांचा थर साचला.

त्या दिवशी सकाळी ताई नुकत्याच दुकानात येऊन बसल्या होत्या. फोन वाजला. पलीकडून एका बाईचा आवाज आला, ओरडून ओरडून बसलेला.

"ताई, मी बचावपथकाची इंजिनिअर बोलतेय. तुमचा नंबर मला मोजणीसाहेबांनी दिला. खाणीच्या मोजणीच्या फ्लॉप्या तुमच्याकडे आहेत?"

"आहेत."

"वाचता येतील?"

"पूर्वी एकदा प्रयत्न केला होता. नाही वाचता आल्या."

पलीकडून कोणाला तरी मागे सरकायला सांगितल्याचं ऐकू आलं. मग इंजिनिअर मॅडमनी झालेलं सांगितलं. जुन्या गिरणीजवळच्या रस्त्यावर पाण्याची मोठी पाइप फुटली होती. पाणीखात्याचा फिटर आणि त्याच्याबरोबर काम करणारा त्याचाच मेहुणा दुरुस्तीसाठी चरात उतरले. खालची जमीन खचली आणि दोघं चिखलासकट खाली गेले. खाली खाणीचा जुना बोगदा होता. तो तिथे आहे हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

"जिवंत आहेत," मॅडम म्हणाल्या. "पाइपवर ठोकतायत, आम्हाला ऐकू येतंय. पाणी आम्ही बंद केलंय, पण खाणीतलं साचलेलं पाणी हळूहळू वर येतंय. वरून उकरायला गेलं की आणखी माती आत ढासळते. बाजूच्या टणक जमिनीतून भोक पाडून बोगद्यात शिरायचं एवढाच मार्ग आहे. पण बोगदा कुठल्या अंगाला गेलाय तेच माहीत नाही. चुकीच्या जागी ड्रिल लावलं तर छत त्यांच्या डोक्यावर यायचं. मला एकच संधी आहे, ताई."

"मी बघते," ताई म्हणाल्या. फोन ठेवून त्या पोटमाळ्याकडे वळल्या.

पोटमाळ्यावर चढायचं स्टूल धरायला सासूबाई आल्या. काय झालं ते त्यांनी दारातून ऐकलं होतं. एरवी त्या पोटमाळ्यावरच्या पसाऱ्यावर चार शब्द बोलल्याशिवाय राहिल्या नसत्या. आज त्यांनी स्टूल घट्ट धरलं आणि एवढंच म्हणाल्या, "सावकाश उतर."

खोका उघडला. कुबट वास आला. वरच्या फ्लॉपीची पत्र्याची झडप सरकवून त्यांनी आत बघितलं. काळ्या तबकडीवर बुरशीचे पांढरे ठिपके होते. मोजणीच्या फ्लॉप्यांचा गठ्ठा एकीकडे होता, त्यावर त्यांच्याच तेव्हाच्या टपोऱ्या अक्षरात चिठ्ठ्या चिकटवलेल्या. दुसरीकडे हजेरीपटाच्या फ्लॉप्या होत्या. त्या कोणाच्याच कामाच्या नव्हत्या.

तेवढ्यात दारात पाणीखात्याची जीप थांबली. काही लागलं तर आणायला-न्यायला म्हणून मॅडमनी ती पाठवली होती. जीपमधून ड्रायव्हरच्या मागोमाग एक बाई उतरल्या. पायांत चप्पल नव्हती.

"ह्या फिटरच्या घरच्या," ड्रायव्हर हळूच म्हणाला. "तिथे उभं राहवेना त्यांना. इथे नकाशा निघतोय कळल्यावर जीपमध्ये येऊन बसल्या."

त्या बाईंचा नवरा आणि सख्खा भाऊ, दोघंही खाली अडकले होते. सासूबाईंनी पुढे होऊन त्यांना पायरीवर बसवलं, पाण्याचा तांब्या दिला आणि स्वतःही शेजारी टेकल्या.

ताई टेबलाशी आल्या. फ्लॉपीवर माहिती गोल गोल चाकोऱ्यांत लिहिलेली असते, आणि फ्लॉपी फिरवणाऱ्या ड्राइव्हचं हेड, म्हणजे वाचणारं टोक, नेमकं चाकोरीवर टेकावं लागतं. पूर्वी फ्लॉप्या का वाचल्या गेल्या नव्हत्या हे ताईंना तेव्हा उमगलं नव्हतं. पण मधल्या वर्षांत दुकानात हजारो फ्लॉप्या हाताखालून गेल्या होत्या आणि आज हजेरीपटाच्या चिठ्ठ्या बघताना त्यांना ऑफिसातली एक रोजची कटकट आठवली. मोजणी खात्याची फ्लॉपी हिशेब खात्यात चालायची नाही आणि हिशेब खात्याची इकडे. हिशेबनीस चिडून म्हणायचे, "तुमचं यंत्र तिरळं आहे." तिरळंच होतं ते. त्याचं हेड जरासं सरकलेलं होतं, त्यामुळे ते सगळ्या जगाच्या चाकोऱ्या सोडून भलतीकडेच लिहायचं. त्याचं लिहिलेलं त्यालाच वाचता यायचं.

तो तिरळा ड्राइव्ह अजून फळीवर पडला होता, पण त्याचं हेड केव्हाच तुटलेलं. म्हणजे एकच वाट उरत होती. एखादा धडधाकट ड्राइव्ह घ्यायचा, त्याचं हेड सरकवणाऱ्या मोटरचे स्क्रू सैल करायचे आणि तो तेवढाच, अगदी तेवढाच तिरळा करायचा.

फोन वाजला. "काही समजलं का?"

"वाचता येतील असं वाटतंय," ताई म्हणाल्या. "पण मला वेळ लागेल."

"वेळच तर नाहीये, ताई."

"मला कळतंय. पण फ्लॉपीवर बुरशी आहे. घाईने फिरवली तर हेड वरचा थर खरवडून काढेल, मग हाती काहीच यायचं नाही."

"ठीक आहे. फोन चालूच ठेवा."

ताईंनी फोनचा स्पीकर लावून तो टेबलावर ठेवला. त्यातून यंत्रांचं घरघरणं, माणसांचे आवाज आणि मधूनच पाइपवरची ठोक ऐकू येत होती. पायरीवर बसलेल्या बाई ती ठोक जिवाचा कान करून ऐकत होत्या.

आधी ड्राइव्ह. मोजणीच्या फ्लॉप्यांना ताईंनी हातच लावला नाही. हजेरीपटाच्या फ्लॉप्याही त्याच तिरळ्या यंत्रावर लिहिलेल्या होत्या, त्या खरवडल्या तरी कोणाचं काही बिघडत नव्हतं. त्यातली एक उघडून, अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या मऊ फडक्याने पुसून त्यांनी ड्राइव्हमध्ये घातली. उघड्या ड्राइव्हच्या मोटरवर बोट ठेवलं आणि ती केसभर फिरवली. खरखर. आणखी केसभर. पुन्हा खरखर, पडद्यावर चूक दाखवणारी ओळ. उलट्या दिशेला. परत खरखर. बाहेर रस्त्यावर शेजारपाजारचे जमू लागले होते. कोणीतरी खिडकीतून डोकावून विचारलं, "झालं का?" सासूबाईंनी उठून खिडकी लावून घेतली.

किती वेळ गेला ते ताईंना कळलं नाही. एका क्षणी खरखर थांबली आणि ड्राइव्ह टिकटिक करत पुढे सरकू लागला. पडद्यावर नावं उमटली. कुठल्याशा विसरलेल्या महिन्याची हजेरी. त्यातली निम्मी माणसं आता हयात नव्हती. ताईंनी श्वास रोखून स्क्रू पिळले, मोटर जागची हलणार नाही एवढ्या बेताने. दुसरी हजेरीची फ्लॉपी लावली. तीही चालली.

आता मोजणीचा गठ्ठा. जुन्या गिरणीच्या बाजूचा बोगदा कुठल्या फ्लॉप्यांवर आहे हे त्यांना चिठ्ठ्या वाचण्याआधीच ठाऊक होतं. एकेक फ्लॉपी त्यांनी कडेने उकलली, तबकडी बाहेर काढली, पुसली, वाऱ्याला धरली, नव्या कव्हरात घातली. हे करताना त्यांनी एकदाही घड्याळाकडे बघितलं नाही.

नवरा केव्हा आला तेही त्यांना समजलं नाही. गिरणीचा रस्ता बंद म्हणून त्याची बस आगारात परत बोलावली होती. तो आला, काहीही न विचारता टेबलावरचा दिवा उचलून ताईंच्या हातांवर उजेड पडेल असा धरून उभा राहिला.

पहिली फ्लॉपी संपूर्ण उतरली. दुसरीही. ताईंनी फाइली लागलीच मॅडमना पाठवल्या. थोड्याच वेळात फोनवर मॅडमचा गोंधळलेला आवाज आला. "ताई, हे आकडे आमच्या नकाशावर बसत नाहीत. ह्यानुसार बोगदा नदीपलीकडे जातो."

"ते आकडे साहेबांच्या खुंटापासून मोजलेले आहेत," ताई म्हणाल्या. "खाणीची सगळी मोजणी एका दगडी खुंटापासून असायची. तो खुंट सापडला की सगळं बसेल. साहेबांना विचारा."

साहेब तिथेच होते. जावयाने त्यांना खुर्चीत बसवून घटनास्थळी आणलं होतं. फोनमधून त्यांचा म्हातारा, पण अजून खणखणीत आवाज आला. "टायरच्या दुकानामागे बघा. अंगणात दगड असेल चौकोनी. डोक्यावर फुलीची खूण."

माणसं धावली. दगड सापडला. दुकानदाराच्या घरचे त्या दगडाला दोरी बांधून तिच्यावर कपडे वाळत घालत होते. मॅडमच्या माणसांनी तिथून यंत्र लावून मोजलं आणि आकडे जागच्या जागी बसले. बोगदा गिरणीच्या मागून येत होता आणि खचलेल्या रस्त्याखालून पुढे जात होता.

पण तिसऱ्या फ्लॉपीने घात केला. सुरळीत चालता चालता ती एके ठिकाणी अडखळली, खरखरली आणि ताईंनी झटकन ड्राइव्ह थांबवला. अडलेली जागा ओलांडून त्यांनी पुढचं उतरवून घेतलं. मोजणीचे मधले पाच बिंदू निघाले नव्हते. नेमके खचलेल्या जागेपासून पुढचे पाच.

"काही हरकत नाही," मॅडम म्हणाल्या. "अलीकडचा बिंदू आहे, पलीकडचा आहे. मधे सरळ रेघ ओढते. बोगदा सरळच असणार. ड्रिल लावायला घेते."

"थांबा," मागून साहेबांचा आवाज आला. "तिथे सरळ नाहीये तो. तिथे खडक लागला होता. खडकाला वळसा घालून गेलाय."

"कुठल्या बाजूने वळसा?"

साहेब स्वतःशीच पुटपुटले. "खडक आठवतो. आमची हत्यारं मोडली त्याच्यावर. पण डावीकडून गेलो की उजवीकडून..." त्यांचा आवाज खाली गेला. "नाही आठवत. अंदाजाने सांगणार नाही मी. खाली माणसं आहेत."

मॅडमनी फोन जवळ घेतला असावा, त्यांचा श्वास ऐकू येत होता. "ताई, ते पाच बिंदू निघतील?"

"एकदा प्रयत्न करता येईल. परत धुवावी लागेल, हेड पण जरासं सरकवावं लागेल. नाही जमलं तर त्या जागेवरचा थर जाईल आणि मग कोणालाच वाचता येणार नाही."

"आता पाण्याचं सांगते. मेहुणा पाइपमधून ओरडून बोलला. पाणी कमरेच्या वर आलंय. फिटरचा पाय ढिगाऱ्यात अडकलाय, त्याला उभं राहता येत नाहीये. मेहुणा त्याचं डोकं वर धरून बसलाय."

हे सगळं पायरीवर ऐकू गेलं. बाई उठून उभ्या राहिल्या आणि खोलीच्या दारात आल्या.

ताईंनी तबकडी पुन्हा बाहेर काढली. ह्या वेळी उजेडात तिरकी धरली तेव्हा दिसलं, कडेपासून थोडं आत बुरशीचं एक बारीक वर्तुळ होतं, मघाशी निसटलेलं. त्यांनी कापसाचा बोळा करून ते टिपलं. घासलं नाही, नुसतं टिपलं, पुन्हा पुन्हा. मग तबकडी दोन बोटांत कडेने धरून त्या नुसत्या बसून राहिल्या.

"ताई," फोनमधून मॅडम. "झालं?"

"वाळतेय."

"तशीच घाला ना. एवढीशी ओल."

"ओली चिकटेल हेडला. एका फेऱ्यात सोलून निघेल."

फोनमधून पाइपवरची ठोक आली, मघापेक्षा मंद. सासूबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या, त्यांनी डोळे मिटून घेतले होते. आयुष्यभर सगळ्यांनी ताईंना घाई कर म्हणून सांगितलं होतं. आता सगळं घर, रस्ता, फोनपलीकडची माणसं, सगळी तेच सांगत होती आणि त्यांच्या बोटांतली तबकडी अजून ओली होती.

"ताई," दारातल्या बाई म्हणाल्या. ताईंनी वर बघितलं. त्यांना वाटलं, आता ह्या बाई रडतील, पाया पडतील, आणि मग आपल्याला हे जमायचं नाही.

बाई म्हणाल्या, "वाळू द्या नीट."

एवढंच म्हणून त्या तिथेच उंबऱ्यावर बसल्या.

ताईंनी वाळू दिली. कागदाच्या कपट्याने हळूहळू वारा घातला, गालाजवळ नेऊन गारवा लागतो का पाहिलं, परत वारा घातला. गारवा जाणवेनासा झाला तेव्हा तबकडी कव्हरात घातली. मोटरचा एक स्क्रू अर्धवट सैल केला, बोट टेकवलं आणि फ्लॉपी आत ढकलली.

खरखर सुरू झाली. ताईंनी बोटाने किंचित रेटा दिला. आवाज बदलला, पातळ झाला. आणखी किंचित. टिक. मग लांब शांतता, नुसतं तबकडी फिरल्याचं सूं सूं. मग टिक, टिक.

पडद्यावर आकड्यांची एक ओळ आली. मग दुसरी, तिसरी, चौथी. पाचवी आली नाही. ड्राइव्ह कण्हला आणि थांबला. फ्लॉपी बाहेर काढली तेव्हा तबकडीवर एक चकचकीत चरा होता, आरपार.

पण चार ओळी पुरेशा होत्या. ताईंनी त्या फोनवर मोठ्याने वाचल्या, सावकाश, प्रत्येक आकडा दोनदा. वाचता वाचताच त्यांना दिसत होतं. उत्तरेकडे जाता जाता पूर्वेचे आकडे वाढत चालले होते.

"उजवीकडे," त्या म्हणाल्या. "बोगदा उजवीकडून गेलाय. दुधाच्या केंद्राच्या अंगाने."

"आकडे निघाले नसते तर मी डावीकडे लावणार होते," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या आणि फोन बंद झाला.

त्यानंतर ताईंना करण्यासारखं काहीच नव्हतं, आणि तोच वेळ सगळ्यात कठीण गेला. जीपने फिटरच्या बायकोला परत नेलं. नवऱ्याने चहा केला, तो कोणी प्यायला नाही. ताई टेबलाशी बसून सांडलेले स्क्रू डबीत भरत होत्या आणि ते परत परत सांडत होते. शेवटी सासूबाईंनी डबी त्यांच्या हातातून काढून घेतली.

ऊन उतरायला लागलं तेव्हा फोन आला. ड्रिल बरोबर बोगद्यात उतरलं होतं. मेहुण्याला आधी बाहेर काढलं, तो बाहेर यायला तयार नव्हता, त्याला ओढून काढावं लागलं. फिटरला काढायला आणखी बराच वेळ गेला. जीव वाचला, पाय नाही वाचला. गुडघ्याखालून कापावा लागला.

"ते शुद्धीवर आहेत," मॅडम म्हणाल्या. "बायकोशी बोलले."

ताईंनी "बरं झालं" म्हटलं आणि फोन ठेवून त्या मागच्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसल्या. नवरा थोड्या वेळाने जाऊन शेजारी बसला.

पुढचे काही आठवडे ताई सगळ्यांच्या लाडक्या होत्या. भाजी घ्यायला गेल्या तरी लोक थांबवून बोलायचे. मग मॅडम एका संध्याकाळी स्वतः आल्या आणि म्हणाल्या, "ताई, बाकीच्या फ्लॉप्याही उतरवा. सगळ्या शहराखाली काय आहे ते मला कळायला हवंय." ताईंनी ड्राइव्ह तसाच तिरळा ठेवला होता. रोज थोडं थोडं करत त्या खोका उपसू लागल्या. निघालेले आकडे घेऊन त्या दर रविवारी साहेबांकडे जात. साहेब भिंग लावून बघत आणि एखाद्या वळणावरून दोघांचं जुंपायचं. "तू चुकीचं भरलंस." "तुम्ही चुकीचं वाचलंत, साहेब." बहुतेक वेळा दोघांपैकी कोण बरोबर ते ठरायचंच नाही, मग मॅडमची माणसं जाऊन मोजून येत.

त्यातूनच एक बोगदा निघाला. खाणीच्या सुरुवातीच्या वर्षांतला, अगदी उथळ. तो ताईंच्याच आळीखालून जात होता, घरांच्या एका अख्ख्या रांगेच्या पोटातून. ताईंचं घर त्या रांगेत मधोमध होतं.

आकडे पडद्यावर आले तेव्हा त्या एकट्याच होत्या. त्यांनी ते तपासले, परत तपासले. मग उठून मागे गेल्या आणि सासूबाईंना सांगितलं.

"कोणाला सांगितलंस?"

"अजून नाही, आई."

"सांगितलंस तर आळी तुझ्या नावाने खडे फोडेल."

"हो."

सासूबाईंनी पदराने तोंड पुसलं. "मग आजच सांग. उद्यावर टाकलंस तर तुलाच झोप लागायची नाही."

ताईंनी त्याच दिवशी मॅडमना कळवलं, आणि सासूबाईंचं म्हणणं खरं ठरलं. घरांना नोटिसा आल्या, काही महिने जागा खाली करायची, बोगदा भरून काढणार. कालपर्यंत ताईंना थांबवून बोलणारी माणसं रस्ता ओलांडून पलीकडून जाऊ लागली. समोरच्या शेजाऱ्याचं घर विकायचं ठरलं होतं, तो सौदा मोडला. "हिला कोणी सांगितलं होतं उकरायला," असं तो ताईंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. ताईंना त्याचा राग आला नाही, पण वाईट वाटलं, आणि ते बरेच दिवस वाटत राहिलं.

भरायचं काम सुरू झालं त्या दिवशी सगळी आळी टोकाला उभी होती. काँक्रीटचे ट्रक रांगेने आले, जाड नळ्या जमिनीत गेल्या. पहिला ट्रक रिकामा झाला, दुसरा, तिसरा. जमीन गिळतच होती. कोणीतरी म्हणालं, "बापरे, एवढं पोकळ होतं?" समोरचा शेजारी हाताची घडी घालून बघत होता. चौथा ट्रक रिकामा झाल्यावर तो ताईंपाशी येऊन उभा राहिला. माफी वगैरे त्याने मागितली नाही.

"आणखी किती लागेल?" त्याने विचारलं.

"आकड्यांवरून तरी अजून बरंच," ताई म्हणाल्या.

त्याने मान हलवली, आणि दोघं पुढच्या ट्रककडे बघत उभे राहिले.